‘परवानगी नाकारली’ : डेटाबेस हाताळताना येणारा डिरेक्टरीचा इशारा

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची आज्ञा दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने दिली, की पुष्कळदा पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटते : ‘कुड नॉट चेंज डिरेक्टरी टू...’, पुढे आपल्याच होम डिरेक्टरीचे नाव आणि शेवटी ‘परमिशन डिनाइड’. अमुक डिरेक्टरीत जाता आले नाही, परवानगी नाकारण्यात आली, असा तिचा अर्थ. गंमत अशी, की त्यानंतर डेटाबेस निमूटपणे उघडतो आणि मागितलेले काम बहुधा पारही पडते. मग नाकारले कोणाला आणि कशासाठी, हा प्रश्न वापरणाऱ्याच्या मनात राहतो. त्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे अनेक जण जो ‘उपाय’ करतात, तो मूळ इशाऱ्याहून कितीतरी अधिक धोकादायक असतो. हा इशारा येतो कसा, त्याकडे दुर्लक्ष केव्हा करावे आणि केव्हा करू नये, याची ही माहिती. (आज्ञांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतात.)

एक नेहमीचा प्रसंग

समजा, लोणावळ्यातील एखाद्या लहान हॉटेलने खोल्यांच्या आरक्षणाची नोंद स्वतःच्या कचेरीतील संगणकावर ठेवली आहे. किंवा वडगाव, तळेगाव दाभाडे येथील एखाद्या पतसंस्थेने सभासदांची खाती अशाच यंत्रावर ठेवली आहेत. यंत्राची देखभाल करणारा तंत्रज्ञ पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये बसतो आणि दूरस्थ जोडणीने काम करतो. रोजचे किरकोळ काम कचेरीतील कर्मचारी पाहतो. हा कर्मचारी स्वतःच्या नावाने संगणकात शिरतो, ‘सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल’ अशी आज्ञा देतो आणि वरील ओळ त्याच्यापुढे येते. यंत्रात बिघाड झाला, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बिघाड काहीही नसतो. दोन वेगवेगळ्या व्यवस्था आपापले काम चोख करीत असतात आणि त्यांच्या सांध्यावर ही ओळ निर्माण होते.

दुसऱ्याच्या नावाने आज्ञा का द्यावी लागते?

पोस्टग्रेसचा उगम १९८६ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून झाला. १९९६ मध्ये त्याला पोस्टग्रेसक्यूएल हे नाव मिळाले. हा सर्व्हर ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने सुरू होण्यास साफ नकार देतो. सर्वाधिकार असलेल्या प्रक्रियेत एखादी त्रुटी निघाली, तर संपूर्ण यंत्र परक्याच्या हाती जाऊ शकते, हे त्यामागचे कारण. म्हणून बहुतेक लिनक्स वितरणांत डेटाबेस बसविताना ‘पोस्टग्रेस’ नावाचा एक स्वतंत्र वापरकर्ता निर्माण केला जातो. माहितीच्या सर्व फायली त्याच्या मालकीच्या असतात.

त्याच यंत्रावरून डेटाबेसशी बोलताना ‘पीअर’ नावाची ओळखपद्धती सर्रास वापरली जाते. या पद्धतीत सांकेतिक शब्द विचारला जात नाही. समोरच्या प्रक्रियेचा मालक कोण, हे डेटाबेस थेट लिनक्सच्या गाभ्याकडून जाणून घेतो. नाव जुळले तरच प्रवेश मिळतो. साहजिकच, डेटाबेसच्या मुख्य प्रशासकाचे काम करावयाचे, तर काही क्षणांपुरते ‘पोस्टग्रेस’ व्हावे लागते. ती सोय ‘सुडो’ ही आज्ञा करून देते. १९८० च्या सुमारास न्यू यॉर्क राज्यातील बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ती लिहिली.

सुडोने नाव बदलते. आपण उभे असलेली जागा मात्र बदलत नाही. हाच या सगळ्या प्रकाराचा कळीचा मुद्दा आहे. कर्मचारी स्वतःच्या होम डिरेक्टरीत उभा असताना त्याने नाव बदलले, तर पोस्टग्रेस नावाचा परका माणूस एकाएकी त्याच्या खासगी खोलीत उभा राहतो.

वाचणे, लिहिणे आणि ओलांडणे

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या युनिक्स प्रणालीने परवानगीची जी चौकट आखली, तीच आज लिनक्समध्ये वापरात आहे. प्रत्येक फाइल आणि डिरेक्टरी यांच्यासाठी तीन पक्ष असतात : मालक, गट आणि इतर सर्व. प्रत्येक पक्षाला तीन हक्क देता येतात : वाचणे, लिहिणे आणि चालविणे. वाचण्याचे मूल्य ४, लिहिण्याचे २ आणि चालविण्याचे १. बेरीज करून तीन आकडी संख्या बनते. ७५० याचा अर्थ मालकाला सर्व हक्क, गटाला वाचणे व चालविणे आणि इतरांना काहीच नाही.

डिरेक्टरीच्या बाबतीत या हक्कांचा अर्थ थोडा निराळा आहे. वाचण्याचा हक्क म्हणजे आत कोणकोणती नावे आहेत, ती यादी पाहण्याचा हक्क. लिहिण्याचा हक्क म्हणजे त्या यादीत नवे नाव घालण्याचा किंवा असलेले काढून टाकण्याचा हक्क. मात्र यादीत फेरफार करण्यासाठीही आधी आत शिरता आले पाहिजे. चालविण्याचा हक्क म्हणजे उंबरठा ओलांडण्याचा हक्क. आत पाऊल टाकणे, आतील एखाद्या वस्तूपर्यंत पोहोचणे, तेथून आणखी आतल्या डिरेक्टरीत जाणे, या सर्वांसाठी हा तिसरा हक्क लागतो. आपल्या इशाऱ्यातील ‘परवानगी नाकारली’ हे शब्द याच हक्कासंबंधी असतात.

लोहगडाचे चार दरवाजे

मावळात राहणाऱ्यांना ही व्यवस्था लोहगडाच्या उदाहरणाने चटकन समजेल. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. लोहगडवाडीकडून वर चढताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. महादरवाजाची किल्ली हाती असली, तरी गणेश दरवाजा बंद असेल तर माथा गाठता येत नाही. प्रत्येक दरवाजावर स्वतंत्र परवानगी लागते.

फायलीचा मार्गही असाच असतो. मूळ डिरेक्टरी, तिच्यात ‘होम’, तिच्यात कर्मचाऱ्याच्या नावाची डिरेक्टरी, तिच्यात ‘अहवाल’ आणि शेवटी फाइल, अशी ही साखळी असेल, तर त्यातील प्रत्येक डिरेक्टरीचा उंबरठा ओलांडण्याचा हक्क हवा. शेवटची फाइल सर्वांसाठी खुली असूनही मधला एकच दरवाजा बंद असेल, तर ती हाती लागत नाही. कोणता दरवाजा बंद आहे, हे पाहण्यासाठी ‘नेमआय -एल’ ही आज्ञा उपयोगी पडते; दिलेल्या मार्गावरील प्रत्येक टप्प्याचा मालक आणि परवानग्या ती ओळीने दाखविते.

हा अनुभव अलीकडे अधिक जणांना का येऊ लागला, याचेही कारण आहे. उबंटू या लोकप्रिय वितरणात नव्या वापरकर्त्याची होम डिरेक्टरी पूर्वी ७५५ अशी, म्हणजे इतरांना पाहता येईल अशी, बनत असे. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या २१.०४ या आवृत्तीपासून ती ७५० अशी बनू लागली. रेड हॅट परिवारातील वितरणांत ती आधीपासूनच ७०० असते. दरवाजे बंद ठेवणे हा सुधारलेला शिष्टाचार आहे आणि इशारा त्याचे सहउत्पादन आहे.

साधन मागे का वळते?

डेटाबेस उघडण्यासाठी होम डिरेक्टरीची मुळीच गरज नाही, मग पीएसक्यूएल तेथे जाऊ का पाहते? पोस्टग्रेसची कमांड लाइनवरील साधने सुरू होताच आधी स्वतःचा ठावठिकाणा शोधतात. भाषांतरित संदेश, सोबतचे ग्रंथालय, अन्य प्रोग्रॅम कोठे आहेत, हे त्यांना स्वतःच्या जागेवरून ठरवायचे असते. आपली फाइल ही खरी आहे की दुसरीकडे बोट दाखविणारा दुवा आहे, हे तपासण्यासाठी जुन्या आवृत्त्यांतील साधने आपल्या प्रोग्रॅमच्या डिरेक्टरीत जात, तेथील पत्ता टिपून घेत आणि मूळ जागी परत येत. जाताना अडचण नसे. परत येताना मात्र कर्मचाऱ्याच्या होम डिरेक्टरीचा उंबरठा ओलांडावा लागे आणि पोस्टग्रेस या वापरकर्त्याला तो हक्क नसे. परतीच्या या अपयशाची नोंद म्हणजेच आपला इशारा.

सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोळाव्या आवृत्तीत ही पद्धत बदलली. जागा न सोडताच संपूर्ण मार्ग ठरविला जाऊ लागला. त्यामुळे नव्या आवृत्त्यांत ही ओळ सहसा दिसत नाही. परंतु जुन्या आवृत्त्यांची यंत्रे अद्याप पुष्कळ आहेत. शिवाय ओळ दिसली नाही, तरी मूळ परिस्थिती तीच असते : पोस्टग्रेसला आपल्या खोलीत वावरण्याचा हक्क नसतोच.

निरुपद्रवी केव्हा, घातक केव्हा?

केवळ पीएसक्यूएल उघडून प्रश्न विचारायचे असतील, तर हा इशारा निरुपद्रवी आहे. संवाद डेटाबेसशी होतो. होम डिरेक्टरीचा त्यात संबंध येत नाही. फाइल वाचण्याचा किंवा लिहिण्याचा प्रश्न आला, की मात्र सावध व्हावे.

‘पीजी_डम्प’ या साधनाने राखीव प्रत काढताना दोन सारख्या दिसणाऱ्या रीती आहेत आणि त्यांचे परिणाम भिन्न आहेत. आज्ञेच्या शेवटी ‘मोठे’ हे चिन्ह देऊन फाइलीचे नाव लिहिले, तर ती फाइल आपले स्वतःचे शेल उघडते, म्हणजे आपल्या नावाने आणि आपल्या हक्काने. इशारा येऊनही प्रत आपल्या डिरेक्टरीत व्यवस्थित तयार होते. याउलट ‘-एफ’ हा पर्याय देऊन केवळ फाइलीचे नाव लिहिले, तर ती उघडण्याचे काम पोस्टग्रेस या वापरकर्त्याकडे जाते आणि त्याला तेथे हक्क नसल्याने काम फसते. जुन्या आवृत्तीत तर साधन परत न आल्यामुळे प्रोग्रॅमच्या डिरेक्टरीतच अडकलेले असते. म्हणून ‘-एफ’ देऊन एखादी तयार आज्ञावली चालवू गेल्यास, समोर दिसणारी फाइलही ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर मिळू शकते.

पहिल्या रीतीतही एक खाच आहे. शेल आधी रिकामी फाइल तयार करते आणि मग पीजी_डम्प सुरू होते. ते अन्य कारणाने फसले, तरी शून्य आकाराची फाइल मागे उरते. रोज रात्री आपोआप निघणाऱ्या प्रतींकडे कोणी पाहत नसेल, तर डिरेक्टरीत तारखांची रांग दिसते आणि आत काहीच नसते. म्हणून पडद्यावरील ओळीवर विसंबू नये. आज्ञेचा निर्गम संकेत शून्य आहे का, फाइलीचा आकार काल-परवाच्या प्रतीशी जुळतो का, हे पाहावे आणि अधूनमधून ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून खातरी करावी.

आणखी एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. डेटाबेसच्या आतून दिलेली ‘कॉपी’ ही आज्ञा फाइल लिहिण्याचे काम सर्व्हरवर सोपविते. तेथे मूळ डिरेक्टरीपासूनचा पूर्ण मार्ग द्यावा लागतो आणि त्या मार्गावरचे हक्क पोस्टग्रेसला असावे लागतात. पीएसक्यूएलमधील ‘बॅकस्लॅश कॉपी’ मात्र ज्याने साधन सुरू केले, त्याच्या हक्काने फाइल उघडते.

‘७७७’ चा मोह

परवानगी नाकारली, तेव्हा ती देऊन टाकावी, असा सरळ विचार करून ‘सीएचमॉड ७७७’ ही आज्ञा होम डिरेक्टरीवर चालविली जाते. इशारा तत्काळ नाहीसा होतो आणि काम झाले, असे वाटते. परंतु या एका आज्ञेने यंत्रावरील प्रत्येक वापरकर्त्याला आणि प्रत्येक प्रक्रियेला त्या डिरेक्टरीत येण्याचा, पाहण्याचा आणि फायली काढून टाकण्याचा हक्क मिळतो. यंत्रावर एखादे संकेतस्थळही चालत असेल आणि त्यात कोणी शिरकाव केला, तर त्यालाही हीच मोकळीक मिळते.

दुसरा परिणाम लगेच जाणवतो. दूरस्थ जोडणीसाठी वापरली जाणारी ओपनएसएसएच ही यंत्रणा किल्लीच्या आधारे प्रवेश देण्यापूर्वी होम डिरेक्टरीची तपासणी करते. ती इतरांना लिहिण्यासाठी खुली आढळली, तर किल्ली खरी असूनही प्रवेश नाकारला जातो. एका ओळीच्या त्रासातून सुटण्यासाठी लोणावळ्यात दिलेल्या आज्ञेमुळे पुण्यातील तंत्रज्ञाचा रस्ता बंद होतो.

तिसरा परिणाम सर्वांत वाईट आणि तो उशिरा कळतो. काही जण पुढे जाऊन डेटाबेसच्या माहितीच्या डिरेक्टरीवरही ७७७ चालवितात. पोस्टग्रेस सर्व्हर सुरू होताना या डिरेक्टरीची परवानगी तपासतो. ती ७०० असावी लागते. २०१८ मधील अकराव्या आवृत्तीपासून ७५० देखील चालते. याहून सैल परवानगी आढळल्यास सर्व्हर सुरूच होत नाही. ही तपासणी केवळ प्रारंभी होत असल्याने चालू असलेला सर्व्हर मात्र तसाच चालत राहतो. मग जुलैच्या एखाद्या मुसळधार रात्री वीज जाते, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि डेटाबेस उठत नाही. काही आठवड्यांपूर्वी दिलेल्या आज्ञेशी त्याचा संबंध असेल, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अशी चूक झाली असेल, तर होम डिरेक्टरी ७५०, तिच्यातील ‘डॉट एसएसएच’ ही डिरेक्टरी ७०० आणि किल्ल्यांची नोंद असलेली फाइल ६०० अशी पूर्ववत करावी. माहितीची डिरेक्टरी व तिच्या पोटातील डिरेक्टऱ्या ७०० आणि आतील फायली ६०० अशा कराव्यात. मालकी पोस्टग्रेसकडेच असल्याची खातरी करावी.

योग्य उपाय

खरा उपाय परवानगीत फेरफार करण्याचा नाही, उभे राहण्याची जागा बदलण्याचा आहे.

१. आज्ञा देण्यापूर्वी ‘सीडी’ आणि तिरपी रेघ एवढे टंकून मूळ डिरेक्टरीत जावे. तेथे उंबरठा ओलांडण्याचा हक्क सर्वांना असतो. इशारा येत नाही आणि कोणाचीही परवानगी बदलावी लागत नाही.

२. ‘सुडो -आय -यू पोस्टग्रेस’ किंवा सर्वाधिकारी असल्यास ‘एसयू - पोस्टग्रेस’ अशी आज्ञा द्यावी. यामुळे नावाबरोबर जागाही बदलते. डेबियन व उबंटूमध्ये आपण ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल’ या, तर रेड हॅट परिवारात ‘/व्हार/लिब/पीजीएसक्यूएल’ या पोस्टग्रेसच्या स्वतःच्या घरी पोहोचतो. ‘एसयू’ च्या पुढील आडवी रेघ विसरली, तर जागा बदलत नाही आणि इशारा परत येतो.

३. वेळापत्रकानुसार आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीत पहिलीच ओळ ‘सीडी’ ची ठेवावी. रूटच्या वेळापत्रकातील कामे रूटच्या होम डिरेक्टरीतून सुरू होतात आणि ती डिरेक्टरी इतरांना बंद असते. शक्य असल्यास हे काम पोस्टग्रेसच्याच वेळापत्रकात घालावे.

४. राखीव प्रतींसाठी स्वतंत्र डिरेक्टरी करावी, तिची मालकी पोस्टग्रेसकडे द्यावी, परवानगी ७०० ठेवावी आणि आज्ञेत तिचा पूर्ण मार्ग लिहावा. ‘टेम्प’ या तात्पुरत्या डिरेक्टरीत प्रती ठेवू नयेत; तेथे तयार झालेली फाइल सामान्यतः सर्वांना वाचता येते आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर नाहीशी होऊ शकते.

५. रोजच्या कामासाठी कर्मचाऱ्याच्या लिनक्समधील नावाचीच एक भूमिका डेटाबेसमध्ये तयार करून तिला आवश्यक तेवढेच हक्क द्यावेत. मग पीअर पद्धतीने तो स्वतःच्या नावानेच आत जातो. पोस्टग्रेस होण्याची गरज उरत नाही आणि इशाऱ्याचे कारणही उरत नाही. कायमस्वरूपी व्यवस्था म्हणून हा उपाय सर्वांत चांगला.

होम डिरेक्टरीतील एखादी फाइल पोस्टग्रेसला देणे अगदीच अपरिहार्य असेल, तर ती ‘लहान’ या चिन्हाने पुढे करावी. तेव्हा ती आपले शेल उघडून देते. त्यानेही भागत नसेल, तर ‘सेटएफएसीएल’ या आज्ञेने केवळ पोस्टग्रेसला केवळ ओलांडण्याचा हक्क देता येतो. शेताच्या बांधावरून वहिवाटीचा हक्क मिळाला म्हणून पिकावर हक्क मिळत नाही, तसाच हा प्रकार. काम झाल्यावर तो हक्क काढून घ्यावा.

प्रश्न इतरांच्या माहितीचा

आपल्या यंत्रावर आपण काय करावे, हा केवळ आपला प्रश्न राहिलेला नाही. हॉटेलच्या डेटाबेसमध्ये पाहुण्यांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि ओळखपत्रांचे तपशील असतात; पतसंस्थेच्या डेटाबेसमध्ये सभासदांचे व्यवहार असतात. होम डिरेक्टरीत उतरविलेल्या राखीव प्रतीत हे सारे एकाच फायलीत एकवटलेले असते. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने अशी माहिती बाळगणाऱ्यावर वाजवी सुरक्षा उपाय योजण्याची जबाबदारी टाकली असून, त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. संस्था लहान आहे म्हणून ही जबाबदारी संपत नाही.

‘परवानगी नाकारली’ ही ओळ वाचताना ती कोणाला आणि कोठे नाकारली, एवढे दोन प्रश्न विचारले, तरी पुढचा मार्ग दिसतो. बहुतेक वेळा उत्तर एकच असते : कुलूप आपल्या जागी ठीक आहे, पाहुणा चुकीच्या खोलीत उभा आहे. त्याला तेथून बाहेर आणावे. कुलूप मोडू नये.